यंत्रभाषेचा उलट अनुवाद

भिंतीवरचे जुने घड्याळ बंद पडले तर त्याचे झाकण उघडून आत डोकावता येते. चक्रे दिसतात, स्प्रिंग दिसते आणि थोडा वेळ नीट पाहिले की कोणते चक्र कोणाला फिरवते तेही कळते. पण आज आपल्या भोवतीच्या कितीतरी वस्तू चक्रांवर चालत नाहीत, आज्ञावलीवर चालतात. मोबाइल फोन, कपडे धुण्याचे यंत्र, मोटारीचे इंजिन ही त्यांतली काही उदाहरणे. आज्ञावली म्हणजे संगणकाने काय करायचे आणि कोणत्या क्रमाने करायचे याची यादी. तिलाच आपण प्रोग्रॅम म्हणतो. या आज्ञावलीचे झाकण उघडून पाहिले तर काय दिसेल? नुसते शून्य आणि एक! शून्य आणि एक यांच्या लाखो अंकांची न संपणारी रांग.

मग ही रांग नेमके काय करते आहे हे माणसाने ओळखायचे कसे? त्यासाठी एक साधन आहे. त्याचे नाव डीकंपाइलर, म्हणजेच उलट अनुवादक. हे साधन काम कसे करते, त्याला काय जमते, काय जमत नाही आणि त्याची आपल्याला गरज का पडते, हे या लेखात पाहू या.

सुलट अनुवाद

आधी सुलट अनुवाद समजून घेऊ. समजा, तुमच्या वर्गशिक्षकांना तीन विषयांच्या गुणांची सरासरी काढायची आहे. ते संगणकाला असे काहीसे लिहून देतील :

एकूण = मराठी + गणित + विज्ञान
सरासरी = एकूण ÷ ३

हे तुम्हा-आम्हाला वाचताक्षणी कळते. संगणकाच्या प्रक्रियकाला मात्र यातले अक्षरही कळत नाही. त्याला समजते ती फक्त यंत्रभाषा, म्हणजे शून्य-एकच्या आज्ञा. सुरुवातीच्या काळात माणसालाच या भाषेत लिहावे लागे. पुढे ग्रेस हॉपर या अमेरिकन गणितज्ञ विदुषीने १९५२ मध्ये आज्ञावली जुळवून देणारी ‘ए-शून्य’ नावाची आज्ञावली तयार केली. १९५७ मध्ये फोरट्रॅन ही भाषा आणि तिचा कंपाइलर आला. माणसाने सोयीच्या भाषेत लिहायचे आणि कंपाइलरने त्याचा यंत्रभाषेत अनुवाद करायचा, ही पद्धत तेव्हापासून रूढ झाली. माणसाने लिहिलेल्या मजकुराला मूळ आज्ञावली म्हणतात. आपण विकत घेतो त्या वस्तूत बहुतेक वेळा मूळ आज्ञावली नसते, फक्त तिचा यंत्रभाषेतील अनुवाद असतो.

शून्य-एक वाचायचे कसे?

यंत्रभाषा म्हणजे काही गुप्त लिपी नव्हे. प्रक्रियक बनवणारी कंपनी आपल्या यंत्रभाषेचा कोश सहसा प्रसिद्ध करते. इंटेल कंपनीने १९७८ मध्ये ८०८६ हा प्रक्रियक काढला. त्याच कुळातील प्रक्रियक आजही टेबलावरच्या अनेक संगणकांत असतात. त्यांच्या भाषेतील ही एक खरीखुरी आज्ञा पाहा :

०००००००१ ११०१००००

पहिल्या आठ अंकांचा अर्थ आहे ‘बेरीज कर’. कोणाची बेरीज, ते पुढचे आठ अंक सांगतात. त्यांचे तीन गट पाडा : ११, ०१० आणि ०००. पहिला गट ११ सांगतो की दोन्ही संख्या प्रक्रियकाच्या स्वतःच्या कप्प्यांत आहेत. या कप्प्यांना रजिस्टर म्हणतात. ०१० म्हणजे द्विमान पद्धतीत दोन, आणि ००० म्हणजे शून्य. झाला अर्थ : ‘दोन क्रमांकाच्या कप्प्यातील संख्या शून्य क्रमांकाच्या कप्प्यात मिळव.’

आता पहिल्या आठ अंकांत दोनच ठिकाणी शून्याचा एक करा : ००१०१००१. ही झाली वजाबाकीची आज्ञा! ‘ध’ चा ‘मा’ झाल्यावर काय अनर्थ होतो हे आपल्याला इतिहासाने शिकवलेच आहे. इथेही तसेच आहे.

अडचण वेगळीच आहे. या प्रक्रियकांच्या सगळ्या आज्ञा सारख्या लांबीच्या नसतात. काही केवळ आठ अंकांच्या, तर काही त्याच्या पंधरा पटींपर्यंत लांब. शिवाय दोन आज्ञांमध्ये मोकळी जागा नसते. मोडी लिपीतील जुनी पत्रे तुम्ही पाहिली असतील. त्यांत शब्द तोडून लिहिलेले नसतात आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही नसतो. कोठे शब्द संपला हे वाचणाऱ्याने संदर्भावरून ताडायचे. यंत्रभाषा वाचतानाही तेच करावे लागते. चुकीच्या जागेपासून वाचायला सुरुवात केली, तर भलत्याच आज्ञा वाचल्या जातात.

शून्य-एकच्या रांगेचे तुकडे पाडून प्रत्येक आज्ञेपुढे तिचा अर्थ सांगणारा छोटा शब्द लिहिणे, हे काम डिसअसेंबलर नावाची आज्ञावली करते. पण तेवढ्याने भागत नाही. सुट्या शब्दांची यादी हाती आली, पण वाक्य कळले नाही, अशी आपली स्थिती होते. डीकंपाइलरचे खरे काम येथून सुरू होते.

उडीवरून वळण ओळखणे

पुढील आज्ञा वाचा. यांतील कप्पे म्हणजे संख्या ठेवण्याच्या जागा.

१. कप्पा १ मध्ये १ ठेव.
२. कप्पा २ मध्ये ० ठेव.
३. कप्पा १ मधील संख्या १० पेक्षा मोठी असेल, तर ओळ ७ वर जा.
४. कप्पा १ मधील संख्या कप्पा २ मध्ये मिळव.
५. कप्पा १ मध्ये १ मिळव.
६. ओळ ३ वर जा.
७. कप्पा २ मधील संख्या सांग आणि थांब.

कागद-पेन्सिल घेऊन हे करून पाहा. उत्तर ५५ येईल. पण उत्तर काढण्यापेक्षा आज्ञांच्या रचनेकडे लक्ष द्या. सहावी ओळ मागे, तिसऱ्या ओळीवर उडी मारते. मागे मारलेली उडी म्हणजे एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा चालली असल्याची खूण! तिसरी ओळ त्या फेऱ्यांतून बाहेर पडण्याचे दार. डीकंपाइलर अशा सर्व उड्यांचा एक नकाशा काढतो. गावाच्या नकाशात रस्ते दाखवतात तसा. त्या नकाशात कोठे गोल फिरून परत येणारा रस्ता आहे, कोठे फाटा फुटून पुन्हा मिळतो, हे तो शोधतो. गोल रस्ता म्हणजे ‘जोपर्यंत अमुक, तोपर्यंत करत राहा’. फाटा म्हणजे ‘अमुक असेल तर हे, नाहीतर ते’. मग वरील सात ओळींचे तो असे वाक्य करतो :

क = १, ख = ०; जोपर्यंत क हा १० पेक्षा मोठा नाही, तोपर्यंत ख मध्ये क मिळवत राहा आणि क एकाने वाढवत राहा.

आता तुम्ही लगेच म्हणाल, ‘अरे, ही तर १ पासून १० पर्यंतच्या संख्यांची बेरीज!’ बरोबर. पण ही बेरीज कशासाठी? पहिल्या रांगेत एक खुर्ची, दुसरीत दोन, अशा दहा रांगांतील खुर्च्या मोजायच्या होत्या? की रोज एक रुपया वाढवून दहा दिवस केलेली बचत? ते डीकंपाइलर सांगू शकत नाही. आज्ञावली ‘काय’ करते हे तो सांगतो. ‘कशासाठी’ करते ते माणसालाच ताडावे लागते.

काय हरवते, काय उरते?

कंपाइलर अनुवाद करताना बरेच काही टाकून देतो. मराठी, गणित, विज्ञान ही नावे यंत्राला नकोच असतात. त्याला कप्प्याचा क्रमांक पुरतो. लिहिणाऱ्याने समासात केलेल्या टिपाही जातात. म्हणून उलट अनुवादात आपल्याला मिळते ते असे :

अ४ = अ१ + अ२ + अ३
उत्तर = अ४ ÷ ३

काही वेळा तर संख्यासुद्धा नाहीशी होते. प्रक्रियकाला गुणाकारापेक्षा भागाकाराला बराच जास्त वेळ लागतो. त्यामुळे कंपाइलर एक युक्ती करतो. ३ ने भागण्याऐवजी तो २,८६,३३,११,५३१ या संख्येने गुणतो आणि आलेल्या गुणाकाराचे शेवटचे ३३ द्विमान अंक पुसून टाकतो!

ही जादू नव्हे. दशमान पद्धतीत शेवटचे दोन अंक पुसले तर संख्येला १०० ने भागल्यासारखे होते. द्विमान पद्धतीत शेवटचे ३३ अंक पुसणे म्हणजे २ च्या ३३ व्या घाताने, म्हणजे ८,५८,९९,३४,५९२ ने भागणे. आता २,८६,३३,११,५३१ ला ३ ने गुणून पाहा. उत्तर येते ८,५८,९९,३४,५९३. केवळ एकाने जास्त! म्हणजे आधी एका संख्येने गुणायचे आणि मग तिच्या जवळजवळ तिप्पट संख्येने भागायचे. परिणाम ३ ने भागल्याचाच. ३२ द्विमान अंकांत मावणाऱ्या कोणत्याही धन पूर्ण संख्येचा पूर्णांक भागाकार या रीतीने अचूक येतो. एकूण गुण २४० असतील तर ८० हे उत्तर येते का, ते स्वतः पडताळा.

आता विचार करा. यंत्रभाषेत ३ हा आकडा कोठेच दिसत नाही. दिसते ती एक अगडबंब संख्या. पण चांगल्या डीकंपाइलरला कंपाइलरच्या अशा युक्त्या ठाऊक असतात. ती संख्या पाहून ‘हा मुळात ३ ने भागाकार आहे’ हे तो ओळखतो.

साठ वर्षांहून जुनी विद्या

डीकंपाइलर ही आजकालची कल्पना नाही. अमेरिकन नौदलाच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळेत १९६० मध्येच ‘डी-नेलिअ‍ॅक’ नावाचा डीकंपाइलर तयार झाला होता. तेव्हाची गरज अगदी व्यावहारिक होती. एका यंत्रासाठी लिहिलेली आज्ञावली दुसऱ्या यंत्रावर चालत नाही. ती पुन्हा लिहीत बसण्याऐवजी तिचा सोप्या भाषेत उलट अनुवाद करून घेता आला तर पुष्कळ श्रम वाचतात. पुढे १९९४ मध्ये क्रिस्टिना सिफुएंतेस यांनी ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये या विषयावर प्रबंध लिहिला. उड्यांच्या नकाशावरून रचना ओळखण्याच्या पद्धती त्यात नीट मांडल्या आहेत. मार्च २०१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने ‘घिड्रा’ हा आपला डीकंपाइलर सर्वांसाठी विनामूल्य खुला केला. त्यामुळे महागडे साधन विकत न घेताही विद्यार्थ्याला ही विद्या शिकण्याची वाट मोकळी झाली.

मोटारीच्या पोटातले गुपित

पण इतका खटाटोप कशासाठी? त्याचे उत्तर एका गाजलेल्या प्रकरणात आहे.

मोटारीच्या धुरात नायट्रोजनची ऑक्साइडे असतात. ती फुप्फुसांना घातक असतात, म्हणून त्यांच्यावर कायद्याने मर्यादा घातलेली असते. गाडी ही मर्यादा पाळते का, हे प्रयोगशाळेत रुळांवर गाडी चालवून तपासत. युरोपातील त्या वेळची परीक्षा १,१८० सेकंदांची, सुमारे ११ किलोमीटर अंतराची होती. कोणत्या सेकंदाला किती वेग ठेवायचा हे आधीपासून ठरलेले. २०१३ मध्ये अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी काही डिझेल गाड्या खऱ्या रस्त्यावर चालवून मोजमाप केले. तेव्हा प्रयोगशाळेत उत्तीर्ण झालेल्या फोक्सवॅगन कंपनीच्या एका गाडीच्या धुरात मर्यादेच्या १५ ते ३५ पट ऑक्साइडे आढळली. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकी सरकारने कंपनीला नोटीस दिली. जगभरातील सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत अशी आज्ञावली असल्याचे कंपनीने मान्य केले. २०१७ मध्ये तिने अमेरिकेच्या न्यायालयात गुन्हाही कबूल केला. भारतातही पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेने तपासणी केली, आणि डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने येथील सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचे जाहीर केले.

पण गाडीला कळायचे तरी कसे की आपली परीक्षा चालली आहे? ते रस्त्यावर मोजून कळत नाही. त्यासाठी झाकण उघडावे लागते. डिसेंबर २०१५ मध्ये फेलिक्स डोम्के या जर्मन तंत्रज्ञाने इंजिनाच्या नियंत्रकातील यंत्रभाषा उलगडून आपले निष्कर्ष हॅम्बुर्गच्या एका संमेलनात मांडले. २०१७ मध्ये जर्मनीतील बोखुम आणि अमेरिकेतील सॅन दिएगो येथील विद्यापीठांच्या संशोधकांनी अशा नऊशेहून अधिक नियंत्रक-आज्ञावली तपासल्या.

त्यांना दिसलेली युक्ती तुम्हाला सहज समजेल. नववीच्या विज्ञानात तुम्ही अंतर-काल आलेख काढता. परीक्षेतला वेग ठरलेला असल्यामुळे परीक्षेचा आलेखही ठरलेलाच. गाडी सुरू झाल्यापासून किती वेळात किती अंतर कापले हे आज्ञावली सतत मोजत असे. गाडी त्या ठरलेल्या आलेखाच्या आसपास राहिली, तर समजायचे की परीक्षा चालू आहे. मग धूर स्वच्छ करणारी यंत्रणा नीट चालवायची. गाडी आलेखापासून दूर गेली की हा खरा रस्ता. मग स्वच्छतेत ढिलाई. परीक्षक समोर असेपर्यंत शहाण्यासारखे वागणारा विद्यार्थीच जणू!

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. नियंत्रकाच्या कागदपत्रांत या भागाला दिलेले नाव आवाजाशी संबंधित होते. धुराचा त्यात उल्लेखच नव्हता. नाव वाचणाऱ्याला वाटावे की हा भाग इंजिनाच्या आवाजापुरता आहे. यंत्रभाषेत नावे नसतात, ही आपण मघाशी तिची उणीव समजलो होतो. पण नाव फसवू शकते. प्रक्रियक जे प्रत्यक्ष करतो ते यंत्रभाषेत लिहिलेले असावेच लागते, नाहीतर तो ते करणारच नाही.

मूळ आज्ञावली हाती असली तरी?

तुम्ही म्हणाल, कंपनीला मूळ आज्ञावलीच दाखवायला सांगितली की झाले! ते उत्तमच, पण तेवढ्यानेही पूर्ण खात्री होत नाही. युनिक्स या प्रसिद्ध प्रणालीचे एक जनक केन थॉम्पसन यांनी ट्युरिंग पुरस्कार स्वीकारताना केलेले भाषण १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी एक धक्कादायक शक्यता दाखवली. कंपाइलरलाच अशी खोड लावता येते, की तो अनुवाद करताना गुपचूप एक चोरदार घालील. मूळ आज्ञावली कितीही वेळा वाचा, त्यात चोरदाराची खूणही सापडणार नाही. ते असते फक्त यंत्रभाषेत. मूळ आज्ञावली म्हणजे माणसाने काय सांगितले, आणि यंत्रभाषा म्हणजे यंत्र काय करते. या दोहोंत फरक नाही ना, हे तपासायचे तर उलट अनुवाद यायला हवा. संगणकात शिरणाऱ्या विषाणूंचा अभ्यासही याच मार्गाने होतो. विषाणू रचणारा आपली मूळ आज्ञावली थोडीच पाठवून देतो!

मर्यादा आणि मर्यादाशीलता

डीकंपाइलर सर्वज्ञ मात्र नाही. संगणकाच्या स्मृतीत आज्ञा आणि साधी माहिती दोन्ही शून्य-एकच्याच रूपात असतात. अमुक अंक म्हणजे आज्ञा की कोणाचे तरी गुण, हे प्रत्येक वेळी अचूक सांगणारी रीत असूच शकत नाही. अ‍ॅलन ट्युरिंग यांनी १९३६ मध्ये संगणनाच्या ज्या मूलभूत मर्यादा सिद्ध केल्या, त्यांतूनच हे निष्पन्न होते. म्हणून डीकंपाइलरचे उत्तर हा चांगला अंदाज समजायचा आणि तो पडताळून पाहायचा.

दुसरी मर्यादा कायद्याची. दुसऱ्याची आज्ञावली उलगडून तिची नक्कल विकणे ही चोरीच. पण समजून घेणे म्हणजे चोरी नव्हे. रीतसर मिळवलेल्या आज्ञावलीमागील कल्पना आणि तत्त्वे जाणून घेण्यासाठी तिचे निरीक्षण, अभ्यास व चाचणी करण्याला आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात मुभा आहे. आपण स्वतंत्रपणे रचलेल्या आज्ञावलीचा तिच्याशी मेळ बसवण्यासाठी लागणारी माहिती अन्य मार्गाने सहज मिळत नसेल, तर तीही मिळवता येते. शिकताना मात्र स्वतः लिहिलेल्या छोट्या आज्ञावलीपासूनच सुरुवात करावी. एखादा छोटा प्रोग्रॅम लिहा, कंपाइल करा, मग डीकंपाइलरमधून परत काढा आणि काय हरवले, काय उरले याची यादी करा.

करून पाहा

संगणक नसला तरी हरकत नाही. हा खेळ वर्गात तिघांनी खेळायचा आहे. पहिल्याने एखादी रीत नावांसह कागदावर लिहावी. दुसऱ्याने नावे पुसून त्या जागी कप्प्यांचे क्रमांक घालावेत आणि ‘अमुक ओळीवर जा’ अशा आज्ञा कराव्यात. तो झाला कंपाइलर. तिसऱ्याने मूळ कागद न पाहता रीत ओळखावी, तो डीकंपाइलर. सरावासाठी ही आज्ञावली घ्या. सुरुवातीला कप्पा १ मध्ये ४८ आणि कप्पा २ मध्ये ३६ आहे.

१. कप्पा २ मध्ये ० असेल, तर ओळ ६ वर जा.
२. कप्पा १ मधील संख्येला कप्पा २ मधील संख्येने भाग आणि बाकी कप्पा ३ मध्ये ठेव.
३. कप्पा २ मधील संख्या कप्पा १ मध्ये लिही.
४. कप्पा ३ मधील संख्या कप्पा २ मध्ये लिही.
५. ओळ १ वर जा.
६. कप्पा १ मधील संख्या सांग आणि थांब.

उत्तर काय येते? ४८ आणि ३६ ऐवजी ३५ आणि १८ घेतले तर? मागे जाणारी उडी शोधा, दार शोधा, आणि मग या रीतीला तिचे हरवलेले नाव परत द्या. ते नाव तुमच्या गणिताच्या पुस्तकात आहे, आणि ते केवळ तीन अक्षरांचे आहे.